मुकुलचं टेंपररी कपाट

"हॅलो?... हां, बोल मुकुल... छे! आणखी चार दिवस वगैरे काही नाही!"

चारकोपच्या घरात नंदकुमार फोन कानाशी दाबून गोरेगावच्या धाकट्या भावावर तापले होते. समोर त्याचं लोखंडी कपाट, अर्धी खिडकी अडवून उभं. कुलपाशी चावीवाला काशीराम झटत होता.

"अकरा वर्षं झाली रे!... टेंपररी म्हणालास ना? अरे, माझ्या दाढेवर डॉक्टरने टेंपररी कॅप बसवली, ती पहिल्याच चिक्कीला हातात आली. टेंपररी म्हणजे तसं!... काय?... हो, गल्लीतल्या गटारावरची लादीपण टेंपररीच. तिच्यावर भाजीवालीची तिसरी पिढी बसते! तुझं कपाट त्याच जातीचं... मी? मी टेंपररी लागलो आणि निरोपाच्या दिवशी साहेब विचारतो, तुम्ही कन्फर्म कधी झालात?... हसू नकोस!"

"ऐक ना... आमची लेक स्वरदा गुरुवारी येतेय बाळंतपणाला. तिचा पलंग काय तुझ्या कपाटावर टाकू?... चार वाजता टेंपो पाठव... चावी हरवली म्हणते तुझी वहिनी, म्हणून तर काशीरामला बोलावलंय... जयंती देवळात गेलीय. तिचं आपलं एकच, राहू द्या बिचाऱ्याचं... थांब, उघडलं."

"...अं? आहे, आहे रे लाइनवर... तुझ्या फायली ना? आहेत, खालच्या कप्प्यात. वरती..."

वरती झबली होती. टोपडी, दुपटी, जयंतीच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी. बाळ व्हायच्या आधी घरात कपडे आणू नयेत, असं हीच बाई अख्ख्या बिल्डिंगला बजावायची. गेल्या खेपेला आणले होते, आणि स्वरदा रिकाम्या हातांनी सासरी गेली होती. पण दिराच्या कपाटात ठेवलेलं काही आपल्या घरात आलं असं होत नाही!

"काही नाही रे, धूळ गेली डोळ्यात... काशीराम, लावा पुन्हा. होतं तस्सं... मुकुल, टेंपो नको पाठवूस... अरे नको म्हणतोय ना! माझा दिवाण काढतो तिथला, मी झोपेन हॉलमध्ये... किती दिवस काय? बारशापर्यंत... हो, टेंपररी!... हसतोस काय गाढवा?... आली वाटतं ती, चप्पल वाजली. ठेवतो... काशीराम, हत्यारं घ्या नि मोरीत चला. तुम्ही नळ बघायला आलायत, कळलं?"