दादाचा कप्तान

...आणि वर घरचे मलाच विचारतात, 'तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?' अहो, कुणीच नाही! तुम्हाला सांगतो, घग्गर नदीच्या काठावर आम्ही दादाचा दहावा करत होतो. दिगंबर, माझा थोरला भाऊ, इथं चंदीगडला विद्यापीठात इंग्रजी शिकवायचा. पिंड मांडलेला, कावळे समोरच्या झाडावर, आणि एक खाली उतरेल तर शपथ! आता कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. गुरुनाथकाका हात जोडून ओरडतायत, "दिगंबरा, विनयाला अंतर देणार नाही!" नाही. "मैत्रेयीला खूप शिकवू!" नाही. पंडितजी घड्याळ बघतायत, "गाय को खिला दो जी, इधर के कौवे ऐसे ही हैं." गाय? माझं डोकंच फिरलं... ओरडलो, "दादा, तुझा तो कप्तान मी वाचीन!"

आला की हो! थेट पिंडावर!

कप्तान म्हणजे दादाच्या उशाशी असायची ना, जुनी जाडजूड इंग्रजी कादंबरी, तिच्यातला. एका माशापायी अख्खं जहाज पणाला लावणारा. दादा दरवर्षी नव्यानं वाचायचा, जेवताना मला सांगायचा, "असा हट्टी माणूस पुस्तकांत दुसरा नाही रे." यंदा अर्ध्यावरच राहिली... तिथून पुढं मी वाचायची. मी! आठवी नापास, मनीमाजऱ्यात एसी दुरुस्त करणारा! एकेका ओळीला घाम फुटतो. पण शब्द दिलाय ना!

विनयावहिनी म्हणतात, "भाऊजी, पुरे आता. कावळा विसरलासुद्धा असेल." अहो, कावळा विसरेल, दादा विसरेल का? गिऱ्हाइकं फोन करकरून दमली, "ओ जी, गर्मी में मार दोगे क्या?" मी इकडं समुद्रात! काय करू, शब्द दिलाय ना!

गेल्या आठवड्यात अडलो म्हणून मैत्रेयीला विचारायला गेलो, दादाची पोरगी, कॉलेजात आहे. तिनं पुस्तक हातात घेतलं. मग म्हणाली, "काका, लास्ट में ना... वो मर जाता है."

मरतो? सगळे मागं फिर म्हणत असताना? आणि हे माहीत असून दादा दरवर्षी पहिल्या पानापासून सुरू करायचा?... मला रात्रभर काही सुचेना. कारण पुस्तक संपलं की कप्तान गेला, आणि दादा... दादा सुटला. सुटायलाच पाहिजे हो, कळतं मला!

वाचणार. पक्का वाचणार, शब्द दिलाय ना! फक्त काय होतंय... रोज एक पान पुढं जातो, आणि दोन पानं मागं येतो.