हिरव्या फळीवरची पपई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद माननीय श्रीकांतकाका, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या उषाताई, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती नीळकंठकाका आणि विजयाकाकी, त्यांची सून व माझी मैत्रीण मंजूषा, आणि अवधपुरीतल्या माझ्या सर्व वडीलधाऱ्यांनो, मैत्रिणींनो,

मी रेवती. गोविंदपुऱ्यातल्या एका फरसाणाच्या कारखान्यात माल तपासण्याचे काम करते. मला भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. काकींनीच माझे नाव सुचवले असे कळले. “ती पोरगी मोजूनमापून बोलते,” असे त्या म्हणाल्या म्हणे. काकी, तुमचा विश्वास आज मला फार जड जातो आहे. का, ते पुढे सांगते.

जपानमधल्या एका हॉटेलात एकवीस वर्षे काम केलेला नागपूरचा माणूस टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या बायकोसाठी जपान सोडून भोपाळला येतो आणि घराच्या तळमजल्यावर ‘टोकरी’ नावाचे सुशीचे दुकान काढतो. कोणाला खरे वाटले असते? पाच टेबले. नीळकंठकाका बांबूच्या चटईवर भात वळायचे, काकी कचेरीतून आल्यावर सूप आणि नूडल्स बघायच्या, मंजूषा ऑर्डर घ्यायची. पहिले सहा महिने लोक नुसते दारातून वाकून बघायचे. “कच्चा खिलाते हैं क्या?” असे विचारून पुढे जायचे.

माझा पहिला पगार झाला तेव्हा मी आईबाबांना तिथे नेले. बाबा कारखान्यात हमाली करायचे. आमच्या घरात शाळा पाहिलेली मीच पहिली. बाबांनी पहिला घास घेतला आणि काकांना हाक मारली, “भाऊ, भात थंडा झाला. गरम करून आणता काय?” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काका हसले नाहीत. म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. थांबा, फोडणी देतो.” आणि खरोखर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालून वळलेली सुशी घेऊन आले. बाबांनी सहा तुकडे खाल्ले. पुढच्या आठवड्यात फलकावर बाबांच्या नावाने ‘प्रभाकर रोल’ असे लिहिलेले दिसले. बाबांना सहीपुरतीच अक्षरे येतात. मी बोट ठेवून दाखवले तेव्हा ते बराच वेळ त्या फलकासमोर उभे होते.

अशा घराशी मी काय केले, ते आता सांगते. श्रीकांतकाका मघाशी मला म्हणाले, “सत्कारात हे कशाला? गोड बोल आणि बस.” श्रीकांतकाका, तुमचा मान राखून मी ते ऐकणार नाही.

टोकरीत कापायच्या दोन फळ्या होत्या. निळी माशांची, हिरवी भाज्यांची. श्रावणात तर निळी फळी महिनाभर कपाटात असायची, कारण काका त्या महिन्यात मासा आणतच नसत. आपल्यापैकी कितीतरी घरे याच भरवशावर मुलांना घेऊन तिथे जात. गेल्याच्या गेल्या श्रावणात एका शनिवारी मी काउंटरपाशी उभी होते. हिरव्या फळीवर नारिंगी पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्यांवर बारीक पांढऱ्या रेघा, निळ्या फळीवरच्या माशाला असतात तशाच. मला वाटले, मासा.

मी विचारले का? नाही. काका समोर होते, दोन हातांवर. पण वडीलधाऱ्या माणसाला असे तोंडावर विचारणे मला उद्धटपणाचे वाटले. घरी येऊन मोबाइलवरच्या बायकांच्या गटावर मात्र लिहिले, “टोकरीत आज हिरव्या फळीवर मासा पाहिला. श्रावण आहे, सर्वांनी लक्ष ठेवावे.” विचारायला मला संकोच वाटला, लिहायला वाटला नाही. ही कसली सभ्यता?

मी तपासणीचे काम करते, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. माझे नाव गळून मजकूर गटागटांतून फिरला. काकी आणि मंजूषा त्या गटात नव्हत्या. चार दिवसांनी मंजूषा मला बाजारात भेटली. डोळे सुजलेले. “कोणीतरी काहीबाही लिहिलंय गं. अगं, पपई होती ती! पोरं हट्ट करतात ना, मोठ्यांसारखी माशाची सुशी हवी म्हणून. बाबा पपई उकडून, खारवून, तांदळाच्या पिठाच्या रेघा ओढतात तिच्यावर. कोणाला सांगू आता?”

मी म्हणाले, “होईल सगळं ठीक.” ते मीच लिहिले, हे म्हणाले नाही.

त्यानंतर खुलासा लिहायला मला नऊ दिवस लागले. एकही शब्द चुकू नये म्हणून रोज लिहायचे आणि पुसायचे. शेवटी पाठवला त्यात “प्रथमदर्शनी”, “तथापि” आणि “गैरसमजाची शक्यता नाकारता येत नाही” असे सगळे होते. ‘पपई’ हा शब्द नव्हता. लगेच एका मैत्रिणीने विचारले, “मतलब खाना है कि नहीं खाना है?” मी उत्तर दिले नाही. तोवर गणपतीत टोकरीला सांगितलेली तीन घरांची जेवणे रद्द झाली होती. दर रविवारी घरच्यांबरोबर येणारी मुले यायची थांबली ती थांबलीच.

परवा काका मला म्हणाले, “दुकान बंद होतंय ते माझ्या गुडघ्यांमुळे. एवढा वेळ उभं राहवत नाही.” ते खरेही असेल. पण काका, मला त्या वाक्याच्या आड उभे राहायचे नाही. रिकाम्या टेबलांसमोर उभे राहिले की गुडघे लवकर दुखत असतील.

म्हणून, या सभागृहात, ज्यांनी तो मजकूर वाचला आणि पुढे पाठवला त्या सगळ्यांसमोर सांगते. टोकरीच्या हिरव्या फळीवर मासा नव्हता. पपई होती. चुकीचे मी लिहिले होते, रेवतीने. ज्यांना ज्यांना ते पाठवले असेल, त्यांना आज घरी जाऊन हे एवढेच कळवा. काका-काकी परवा नागपूरला निघतील. त्याआधी कळवा.

काकी, तुम्ही उठू नका. माझे संपतच आले आहे.

मंडळाने मला बोलू दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. उषाताईंचा वेळ मी ठरल्यापेक्षा जास्त घेतला. कोणाचे नाव किंवा मान राहून गेला असेल, तर या सगळ्याबद्दल सभेने मला उदार मनाने माफ करावे.

काका, काकी, मंजूषा, तुमची माफी मात्र मी इथे मागत नाही. उद्या सकाळी सामान बांधायला तुमच्या घरी येईन, तेव्हा मागेन. इथे इतक्या लोकांसमोर तुम्हाला ‘नाही’ म्हणता येणार नाही.