पहिल्या रांगेतला आवाज

गावच्या बेसबॉल मैदानावर हॉट डॉगची रांग हलेना, तेव्हा अर्डिसच्या कानांना आपोआप काम मिळालं. तिच्या पुढे दोन म्हातारे होते आणि त्यांच्याही पुढे निळ्या टोपीची एक बाई.

"मोठ्या स्टेडियमचं कौतुक मला सांगू नकोस, ऑर्विल. तिथे खेळाडू मुंगीएवढे दिसतात."

"आणि इथे?"

"इथे पहिल्या रांगेतून ओरडलं, की थेट त्यांच्या कानात. तो एकोणीस नंबर, शेतकऱ्याचं पोर! त्याची बॅट हुकली, की मी ओरडतोच, 'जा घरी, गाईंच्या धारा काढ!'"

"आज दिसत नाही तो."

"घाबरला असेल मला."

निळ्या टोपीची बाई वळली.

"म्हणजे ते तुम्ही होय?"

"मीच. का हो?"

"संघातली पोरं गावात घरोघरी राहतात ना, तो आमच्याकडे होता. जेवताना तुमची नक्कल करायचा."

"ऐकलंस, ऑर्विल? मग आज कुठाय स्वारी?"

"संघातून काढून टाकलं त्याला. सकाळीच बसमध्ये बसवून आले."

"अहो, मी आपली गंमत करत होतो."

"आधी तोही हसायचा. जुलैपासून जेवताना बोलायचाच बंद झाला."

"घरी गेला ना पण?"

"घरीच गेला. गाई मात्र त्याच्या बापाने गेल्या वर्षीच विकल्या."