एमजीच्या दोन नाकपुड्या

(घराचं गॅरेज. लाल रंगाची, दोन सीटांची जुनी एमजी. बॉनेट उघडं, इंजिन चालू. बाबांच्या हातात रबरी नळी. आई चहाचे कप घेऊन दारात. लेक नुकतीच आली आहे.)

लेक : बाबा, बंद करा. बाबा! आधी इंजिन बंद करा!

बाबा : ओरडतेस कशाला? केलं बंद. आल्या आल्या हुकूम सुरू! आधी सांग, बाहेर काय उभं करून आलीस?

लेक : पोर्शे. आमच्या शोरूमची, गिऱ्हाइकांना फिरवायची. विजेवर चालते. म्हटलं, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला निघायच्या आधी तुम्हाला एक चक्कर मारून आणावी.

बाबा : वा! काय खांदे आहेत बघ तिचे! आणि छपराचा मागे घरंगळत जाणारा तो उतार... शाळेत असताना एका मासिकात पाहिला होता मी. तेव्हापासून सगळं बदललं, आता तर इंजिनही गेलं, पण उतार काही सोडला नाही पठ्ठ्यांनी. याला म्हणतात घराणं.

लेक : आणि तुमची लाडकी जॅग्वार ई-टाइप?

बाबा : ई-टाइपचं नाव आंघोळ केल्याशिवाय घेऊ नकोस. अगं, बॉनेट एवढं लांब की नाक वळणावर पोचलं तरी माणूस अजून सरळ रस्त्यावरच! आयुष्यात एकदा पाहिली, हॉटेलच्या दारात. मालकानं हात लावू दिला.

आई : आणि जेवायची वेळ झाली तरी यांनी तो हात धुतला नव्हता. लग्नाला महिना झाला नव्हता आमच्या. मला वाटलं, कुणा बाईचा हात धरून आलेत.

बाबा : ही पोर्शे आवाज कसा करते गं?

लेक : तशी शांतच. बटण दाबलं की स्पीकरमधून येतो.

बाबा : कशातून?

लेक : स्पीकरमधून!

बाबा : अरेरे! मग गाडी म्हणायची की रेडिओ?

लेक : ते जाऊ द्या. एमजी का थडथडत होती एवढी?

बाबा : थंड आहे अजून. सकाळपासून तिच्याच मागे आहे मी. दोन्ही कार्बुरेटर एका सुरात लावलेत.

लेक : एका सुरात? चालू करा परत. द्या ती नळी इकडे... बाबा, पुढचा नुसता फसफसतोय. मागच्याला श्वासच नाही.

बाबा : तुला काय कळतंय त्यातलं!

लेक : तुम्हीच तर शिकवलंत, स्टुलावर उभं करून. नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. ‘दोन्ही नाकपुड्यांतून सारखा श्वास आला की बाई खूश.’ मी डोळे मिटून सांगायचे आणि तुम्ही स्क्रू फिरवायचे. आता तुम्ही लावा कानाला. काय ऐकू येतंय?

बाबा : येतंय की.

लेक : काय येतंय?

बाबा : ...आज जरा कमी येतंय. सर्दी झालीय.

आई : फार जुनी सर्दी आहे ती. टीव्ही इतका मोठा लावतात, शेजाऱ्यांनी आपला लावायचाच सोडलाय. आमच्याच बातम्या ऐकतात.

बाबा : झालं! झाल्या दोघी एक!

लेक : डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय ना? कुठाय ते?

बाबा : कपाटात. अगं, बाकीचे लोक गाडी डोळ्यांनी बघतात. मी कानांनी बघत आलो. रस्त्यानं गाडी गेली की खिडकीशी न जाता सांगायचो, सहा सिलिंडर की बारा, इटलीची की जर्मनीची.

आई : हे मात्र खरं. एकदा ‘फेरारी!’ म्हणाले आणि दुधाचं पातेलं माझ्या हातात कोंबून पळाले. उकळतं होतं.

बाबा : आता कानात स्पीकर घालून एमजी ऐकू? मेळाव्यात मला काय म्हणतात माहीत आहे ना? कानवाले! कुणाची अल्फा अडखळली, कुणाची ट्रायम्फ खोकायला लागली, की ‘कानवाल्यांना बोलवा’. आज कुणी नळी पुढे केली तर काय तोंडानं सांगू, की मला माझ्या गाडीचंही ऐकू येत नाही? नकोच ते. झाकून ठेवतो हिला. नाही जात.

लेक : वर्षभर वाट बघितलीत आजची.

बाबा : बघितली. वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? पण नाही जात.

लेक : बरं, नका जाऊ. पण हिला अशी आजारी ठेवून झाकायची नाही. घ्या स्क्रू-ड्रायव्हर. मी ऐकते, तुम्ही फिरवा.

बाबा : हट्टी आहेस.

लेक : घराणं! हं, मागचा उघडा थोडा... अजून... फार झालं, मागे या. आता पुढचा कमी करा. अजून किंचित. बस! बस, बाबा! आला.

बाबा : हो, हाताला कळलं. थरथर थांबली. कसा आहे आवाज? नीट सांग मला.

लेक : दोन्हीकडे सारखा. दाट. कुणीतरी काम करता करता गुणगुणावं तसा.

बाबा : तोच. तोच आहे! बंद कर आता. कितीतरी दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

लेक : मी पोर्शे घेऊन मागून येते मेळाव्याला. कुणी नळी दिली तर मी धरीन. सांगा त्यांना, कान बदलून आणलाय.

बाबा : हसतील.

लेक : हसू देत. अल्फा दुरुस्त झाल्याशी कारण त्यांना.

बाबा : ...चल तर मग. (आईला) अगं, तू तयार आहेस ना? तुझी सीट रिकामी ठेवून जायचो नाही मी.

आई : येते की. नाहीतरी तिथं बसून गप्पच राहायचं असतं. तोंड उघडलं की ‘थांब, इंजिन ऐकतोय’. एका घाटातून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हाही तेच. सगळं आपलं मनातल्या मनात.

लेक : आई, आज नको ना.

आई : चिडून नाही म्हणत गं. मलाही आवडायचा तो आवाज.

बाबा : पोरी, कपाटात वरच्या खणात निळी डबी आहे. आण जरा.

लेक : यंत्राची? आणते... ही घ्या. थांबा, उलटं लावताय. हं, आता?

बाबा : बापरे! चप्पल केवढी वाजते तुझी!

लेक : मग करू चालू एमजी? ऐका तरी तिला!

बाबा : नको. किल्ली राहू दे. (एमजीत बसून, आईला) तू ये गं, बस इकडे शेजारी.

आई : बसले. पण इंजिन तर बंदच आहे.

बाबा : असू दे. समुद्र दिसला तेव्हा काय म्हणणार होतीस?