डेव्हची शिकार आणि आमची वहिनी

अरे, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात डेव्ह नावाचा माझा मॅनेजर होता. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला अमेरिकेत कुठे जाऊ, असं त्याने विचारलं. कुणाला, तर झुरळ मारतानाही डोळे मिटणाऱ्या मला! पण 'माहीत नाही' म्हणेन तर शप्पथ. ठोकून दिलं, "ओहायो!" कारण एकच, तिथे माझा मावसभाऊ राहतो. डेव्हला हॉटेलही घेऊ दिलं नाही, थेट भावाच्या घरीच उतरवलं.

पठ्ठ्या हात हलवत परत आला.

"हरणं रोज मागच्या अंगणात येतात," तो म्हणाला. "पण तुझी वहिनी त्यांना पोळ्या घालते, नावाने हाका मारते. बंड्याला कसा मारू, मेट?"

मग वहिनीने माझ्यासाठी दिलेली लोणच्याची बरणी पुढे करत म्हणाला, "पुढच्या वर्षी अस्वल. कॅनडात तुझं कोणी आहे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणी म्हणजे? सख्खी आत्या आहे!"