चौदा किलो

(दवाखान्यातून परतल्यावर, इमारतीच्या जिन्यात. बायको पुढे, नवरा मागे.)

— हळू चढ म्हणतोय ना मी.

— धापा तुम्ही टाकताय. वर्षापूर्वी याच जिन्यात मी रडायचे, आठवतं?

— आठवतं. गुडघे टम्म सुजायचे.

— आता बघा. दुसरा मजला आला, एक कळ नाही.

— हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं. झिजलंय ते भरून येणार नाही, पण वजन उतरलं की सूज उतरेल. एक किलो गेला की गुडघ्यावरचा चार किलोंचा भार गेला.

— आणि तुम्ही ते गावभर सांगत सुटलात.

— चौदा किलो गं! माझी बायको जिद्दीची, म्हणायचो.

— जिद्द कसली! पथ्य मी दुसऱ्याच महिन्यात सोडलं होतं.

— काय?

— कामावर शिवणखात्यात सगळ्याजणींबरोबर बिस्किटं, तळलेलं, सगळं खात होते. फिरायला म्हणून निघायचे आणि खालच्या बाकावर गप्पा मारत बसायचे.

— मग वजन?

— उतरतच होतं. मला वाटलं, जन्मात एकदा काहीतरी फुकट मिळतंय, घ्यावं गुपचूप.

— अगं, मला तरी सांगायचंस!

— कसं सांगणार? दर रविवारी आकडा बघून तुमचं तोंड असं फुलायचं. लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हतात.

— तीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक तोलतोय मी. गाडी हलकी आली की पहिला प्रश्न, माल कुठे उतरवला? तुला नाही विचारलं. एकदाही नाही.

— बायकोला कोण असं विचारतं?

— आजच्या डॉक्टरांनी विचारलं. आत शिरल्या शिरल्या. वजन कधीपासून उतरतंय म्हणून.

— पोटातली गाठ बाहेरून दिसते का कुणाला? नका लावून घेऊ.

— सहा महिने आधी आलो असतो तर पसरली नसती.

— आता पसरलीये ना? मग झालं. चला, एकच मजला राहिला.

— त्यांनी वजन वाढवायला सांगितलंय. जमेल ते खायला घाला म्हणाले.

— म्हणजे गुडघे परत धरणार माझे.

— धरू देत.

— तेव्हा रात्रभर शेकत बसायचात, विसरलात?

— शेकीन. दुखू देत गं, चांगले टम्म सुजू देत. तू फक्त खा. खाशील ना?

— अहो, खात तर होतेच की मी.