हिरामण बुवांचं पान

नाय नाय बुवा, उठू नका, बसा — पंखा लावते — चिडलायत ना? चिडणारच. पंधरा दिवस मी ह्या डीटीपीच्या दुकानात बसून दारातनं कोण आत येतंय तेच बघतेय. पेण बाजारात कुणी जोरात 'मनस्वी' म्हणून हाक मारली तरी मी मागं न बघता गल्लीत वळते. पण माझं ऐका तरी. आपल्या भजनी मासिकाचं पान कसं असतं? वीस बुवा, वीस गोल फोटो, पिवळ्यावर लाल अक्षर, कोपऱ्यात पखवाज, खाली शुभेच्छुकांची रांग. कोलाडच्या हॉटेलात माणूस चहा येईपर्यंत चाळतो नि तिथंच टाकून जातो. मला वाटलं, एका पानावर तरी त्याची नजर अडकावी. म्हणून तुमचा एकच फोटो घेतला — डोळे मिटलेले, सूर लागलेला — रंग काढले, चहूकडं पान कोरं ठेवलं, खाली बारीक अक्षरात नुसतं नाव. बाहेरची संगीताची मासिकं अशीच असतात बुवा, मोबाईलवर बघितलीयत मी. देखणी दिसतात.

आपल्याकडं असा फोटो कधी छापतात ते — व्हय, ठाऊक होतं. म्हणजे नंतर कळलं. डोलवीची माणसं कंपनीतली शिफ्ट टाकून हार घेऊन तुमच्या दारात आली, भाकऱ्या थापणाऱ्या पुतळीकाकूंच्या गळ्यात पडून बाया 'तुझं कुंकू गेलं गं' म्हणत रडायला लागल्या, नि तुम्ही मागच्या दारानं आलात, हातात विळा घेऊन — तेव्हा कळलं. नाय. खोटं कशाला बोलू तुमच्यासमोर? छापखान्यातनं मिथुनचा फोन आलेला — ताई, बुवा गेले काय? मी म्हटलं, नाय रे, छाप तू. रंग भरायला दोन मिनिटं लागली असती. पण पान इतकं सुंदर झालेलं, माझ्यानं हात लाववेना.

आणि त्या दिवसापासून तुम्ही गायला नाय. रोह्याची भजनाची डबलबारीसुद्धा रद्द केलीत. लोक म्हणतात, पोरीनं बुवांचा आवाज खाल्ला. मला लय भीती वाटते हो. डोळे मिटले की ते पान दिसतं. शिव्या द्या, पण बोला काहीतरी.

हा कागद कसला? घशाच्या डॉक्टरचा? — गाठ — बोलायचं नाय — अन् ही तारीख तर अंक निघायच्या महिनाभर आधीची हाय. म्हणजे तुम्हाला आधीच — काकूंना? काकूंना नाय सांगितलंत अजून?

पेन हवंय? घ्या. काय लिहिताय... 'पान छान झालंय. पुसू नको. लवकरच लागेल.'

नाय बुवा. ते मी आत्ता पुसते, तुमच्यासमोर, हे बघा. फेटेवाला फोटो लावते, रंगीत लावते — हसू नका ना. उठा तुम्ही. घरी जा, आधी काकूंना सांगा. जा ना बुवा. मला शटर ओढायचंय.